वाढणाऱ्याचं पान

गेल्या रविवारी एका लग्नाला गेलो होतो. जेवणं उशिरापर्यंत चालली. केटररची दहा-बारा पोरं सकाळी सातपासून उभी होती. बहुतेक कॉलेजात शिकणारी, दिवसाच्या मजुरीवर वाढायला आलेली. चार पंगती उठल्या. साडेचार वाजता मंडप रिकामा झाला, तेव्हा ती पोरं जेवायला बसली. ताटात भात होता आणि तळाची आमटी होती. दिवसभर ज्यांनी बासुंदी वाढली, त्यांच्या वाट्याला बासुंदी उरली नव्हती. एकानं किटली उपडी करून पाहिली, थोडंसं हसला आणि ती बाजूला ठेवली.

त्याचं ते हसणं आठवडाभर माझी पाठ सोडत नाही, कारण ते मी आधी पाहिलेलं आहे. सगळ्यांचं झाल्यावर आई पातेल्याच्या कडेचा भात खरवडून घ्यायची आणि म्हणायची, मला एवढं पुरे. आम्ही ते खरं मानायचो. तसं मानणं आमच्या सोयीचं होतं.

अशा वेळी आपल्याकडे एक म्हण पुढे करतात, दिव्याखाली अंधार. ही म्हण मला आता नकोशी झाली आहे. दिव्याखाली अंधार पडतो तो दिव्याच्या बुडामुळे, त्यात कुणाचा दोष नसतो. पण ज्या गावानं पाणी दिलं ते तहानलेलं राहतं, ज्यानं विजेसाठी घर दिलं तो बेघर राहतो, हे काही बुडामुळे होत नाही. ते शासन निर्णयामुळे होतं, करारामुळे होतं, एखाद्या नियमातल्या दुरुस्तीमुळे होतं. ते कुणीतरी लिहिलेलं असतं. म्हणून ते खोडताही येतं.

आज एवढंच सांगायचं आहे.

पाणी

मुंबई सात तलावांचं पाणी पिते. विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत. तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा हे पाच बाहेर, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांत. तानसाचं पाणी १८९२ सालापासून मुंबईत येतं आहे. आज शहराला रोज साडेतीनशे कोटी लिटरहून जास्त पाणी मिळतं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं असतं.

तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. या तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरचं पाणी आटलेल्या विहिरीत ओततात. मग बायका दोर सोडून तेच पाणी, गाळासकट, वर ओढतात. पुढची खेप कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून आदल्या रात्रीच विहिरीच्या काठावर हंड्यांची रांग लागते.

यात निसर्गाचा भाग एवढाच, की इथला कातळ पाणी धरून ठेवत नाही आणि उतार त्याला थांबू देत नाही. बाकी सगळं माणसांनी केलेलं आहे. जे पाणी अडवलं त्याचं आरक्षण शहराच्या नावावर पडलं. पाडे चढावर आहेत, तिथं पाणी पंपानं चढवावं लागतं. पंपाला वीज लागते, विजेचं बिल ग्रामपंचायतीच्या माथी येतं, बिल थकलं की योजना बंद पडते. शहरातल्या विसाव्या मजल्यावर पाणी चढवताना कुणी विचारत नाही की हे परवडतं का. धरणाशेजारच्या टेकडीची वेळ आली की हा प्रश्न सगळ्यात आधी निघतो.

इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी द्यायची योजना मंजूर झाली आणि वर्षानुवर्षं रखडली. तंत्राची अडचण म्हणावी, तर एकोणिसाव्या शतकातल्या अवजारांनी तानसाचं पाणी मुंबईपर्यंत नेऊन दाखवलं होतं.

मुंबईकरानं नळ सोडताना लाजावं असं मी म्हणत नाही. त्यानं मत मागायला आलेल्या माणसाला एक प्रश्न विचारावा: मी ज्या धरणाचं पाणी पितो, त्याच्या काठच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का?

वीज

कोयनेला आपण महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतो. १०५ टीएमसीचं धरण, १९६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प. या विजेवर राज्यातले कारखाने उभे राहिले, हे खरंच आहे. ज्यांची घरं, भातखाचरं आणि ग्रामदेवतांची देवळं त्या जलाशयाखाली गेली, त्यांची तिसरी पिढी आज कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरते आहे. धरणग्रस्तांच्या संकलन रजिस्टरात आजोबांचं नाव आहे का, वारसाची नोंद झाली का, कागदावर मिळालेली जमीन प्रत्यक्षात कुणाच्या ताब्यात आहे. धरणाला सहा दशकं झाली. तरी कोयनानगरला धरणग्रस्तांचे ठिय्ये याच मागण्यांसाठी झाले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे त्याच खोऱ्यात भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. पुढे १९७६ मध्ये महाराष्ट्रानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याचा अभिमान जरूर असावा. पण ज्यांच्या हालांमधून त्या कायद्याची गरज कळली, ते कोयनेचे लोक तोवर पांगून गेले होते. जे सरकून वरच्या डोंगरावर राहिले, त्यांच्याभोवती १९८५ साली अभयारण्य झालं आणि २०१० साली व्याघ्र प्रकल्प आला. काही गावांना दुसऱ्यांदा उठावं लागलं. एकदा पाण्यासाठी, एकदा वाघासाठी. दोन्ही कामं राज्याच्या भल्याची आणि दोन्ही वेळा गाठोडं बांधणारे तेच.

शंभर वर्षांपूर्वी, १९२१ साली, मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या सोबत हाच प्रश्न विचारला होता. मुंबईच्या विजेसाठी आमची भाताची जमीन का, आणि कुणाला विचारून? तुरुंग भोगून ते हरले, धरण झालं. त्यांचा प्रश्न मात्र अजून हरलेला नाही.

आणखी एक. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. कोळसा तिथला, राख तिथली, धूर तिथला. त्याच विदर्भात शेतीला रात्रीची लाईट मिळते म्हणून शेतकरी रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर जातो. पाणी द्यायला जाताना त्याला सापाची भीती असते, चंद्रपूरकडे वाघाचीही असते. कारखाना दिवसा चालतो, मॉल दिवसा थंड राहतो, मग रात्रीचा वाटा शेतकऱ्याचाच का, याचं सरळ उत्तर त्याला कुणी देत नाही. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे. म्हणजे उपाय माहीत आहे. तो लवकर पुरा करायचा एवढंच बाकी आहे.

साखर

दिवाळी सरली की ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. घरात म्हातारी माणसं राहतात, शाळेत पट कमी होतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढतो. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं एक कोयता म्हणतात. या एका शब्दात सगळा व्यवहार आहे. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, हिशोब कोयत्याचा होतो, मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं असतं. निम्मी मेहनत करणाऱ्या बाईचं वेगळं नाव त्या वहीत नसतं.

तिचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. कोपीवर स्वयंपाक, मग फडात तोडणी, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. फडाजवळ संडास नाही, धुवायला पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, कारण खाडा झाला की दंड आणि दंड उचलीत वाढतो. पोट दुखायला लागलं की खाजगी दवाखाना, तिथं कॅन्सरची भीती आणि त्या भीतीपोटी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेचा पैसाही पुन्हा उचलीतूनच. तो फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा फड.

२०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दर सहा बायकांमागे एक. त्यांत पंचविशी-तिशीतल्या बायकाही होत्या.

हे आकडे विधिमंडळात आले, वर्तमानपत्रांत छापले गेले. त्या दिवशीही आपल्या चहात साखर होती, आजही आहे. चहा सोडा असं कुणाला सांगायचं नाही. साखर कारखाना गाळपाच्या प्रत्येक टनाचा हिशोब ठेवतो. काट्यावर ट्रक चढला की वजन पडतं, शेतकऱ्याचा ऊस कुठल्या गटातला हे कळतं. मग तो ऊस तोडणाऱ्या बाईचं नाव, तिचं वय, तिचा दवाखाना, तिची मजुरी यांची नोंद त्याच कारखान्यात का होत नाही? ती मुकादमाची माणसं आहेत, आमची नाहीत, हे उत्तर फार वर्षं ऐकलं. ऊस कारखान्याचा, साखर कारखान्याची, नफा कारखान्याचा आणि फक्त बाई तेवढी मुकादमाची, हा हिशोब कुठल्याच पाटीवर बसत नाही.

कांदा

फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातला एक शेतकरी ५१२ किलो कांदा घेऊन सोलापूरच्या बाजारात गेला. भाव लागला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं असं सगळं वजा झालं आणि पट्टीवर उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. त्याला दोन रुपयांचा चेक मिळाला आणि तोही पुढच्या तारखेचा.

त्या पट्टीकडे नीट पाहावं. तीत हमालाला मजुरी मिळाली, आणि ती मिळायलाच हवी. तोलणाऱ्याला मिळाली. गाडीवाल्याला मिळाली. ज्यानं रोप लावलं, चार महिने पाणी दिलं, काढणी केली, त्याच्याच नावापुढे सगळ्यात लहान आकडा होता. सगळ्यांचं वाढून झाल्यावर तळाशी राहिलं ते त्याचं.

त्याच वर्षी डिसेंबरात कांद्याला भाव येऊ लागला, तेव्हा केंद्र सरकारनं निर्यात बंद केली. ती बंदी उठायला मे २०२४ उजाडलं. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण भाव पडला की तो बाजाराचा नियम आणि भाव चढला की सरकारचा नियम, असे दोन नियम एकाच माणसाला लावता येणार नाहीत. कांद्याच्या शेतकऱ्याला दया नको आहे. चढत्या भावात हात धरणाऱ्यानं पडत्या भावातही हात धरावा, एवढा न्याय हवा आहे.

आशा

२२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशा सेविकांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार जाहीर केला. दहा लाखांच्या आसपास बायका. कोविडच्या काळात त्या दारोदार जाऊन ताप मोजत होत्या, ऑक्सिजन मोजत होत्या, लोकांच्या शिव्या खात होत्या. पुरस्काराची बातमी आली, अभिनंदनाचे ठराव झाले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो आशा सेविका मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. पुरस्कार मिळालेल्या बाया मानधनवाढीसाठी ताडपत्रीवर झोपल्या.

मानधन हा शब्द आदराचा आहे. पाहुण्या वक्त्याला मानधन देतात. वर्षभर रोज काम करणाऱ्या बाईला मात्र हा शब्द अडचणीत टाकतो, कारण पगार म्हटलं की रजा येते, भविष्यनिर्वाह निधी येतो, निवृत्तिवेतन येतं. मानधन म्हटलं की काहीच येत नाही. गरोदर बाईला रात्री दवाखान्यात नेणारी, बाळाच्या लसीची तारीख आईपेक्षा जास्त लक्षात ठेवणारी, क्षयरोग्याच्या हातावर गोळी ठेवणारी बाई कागदावर स्वयंसेविका असते.

त्या आंदोलनानंतर मार्च २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला आणि राज्याच्या वाट्याचं मानधन महिन्याला पाच हजार रुपयांनी वाढलं. याचा मला मनापासून आनंद आहे आणि यातून एक गोष्ट सिद्ध होते. पैसे नव्हते असं नव्हतं. सही नव्हती.

गटार

हे थोडक्यात सांगतो, कारण यात वाद घालण्यासारखं काही नाही.

माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. २०१३ साली तो अधिक कडक झाला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा ठरला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्या. २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, तीस लाख द्या.

मरणाची भरपाई तिप्पट झाली आणि माणसं आजही उतरतात. कधी महापालिकेच्या ठेकेदाराच्या उपठेकेदारासाठी, कधी एखाद्या सोसायटीच्या टाकीत. दोरी कमरेला, तोंडाला रुमाल. आधी एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातमीत आकडा तीन असतो तो बहुतेकदा यामुळे. सोबत्याला वाचवायला उतरलेल्या त्या दुसऱ्या माणसाचं शौर्य कुठल्याही यादीत येत नाही.

मशीन आहे. पैसा आहे. कायदा तीस वर्षांहून जुना आहे. ज्या सोसायटीत रविवारी टाकी साफ करायला माणूस येतो, तिथल्या कुणीतरी एकानं खाली येऊन म्हणावं, मशीन आणा, नाहीतर टाकी उघडू देणार नाही. हे करायला सरकार लागत नाही.

घर

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बरेचसे परत आत गेलेच नाहीत. भोंगे थांबले, जमीन उरली.

त्या जमिनीसाठी १९९१ साली नियम झाला. गिरणीची जागा विकायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. चांगला नियम होता. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. जिथं शेड उभी होती ती जागा वाटणीतून सुटली. गिरणीत रिकामी जागा किती असते? साच्यांची खाती, गोदामं, चिमणी, सगळं बांधकामच असतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. शहराला बाग मिळाली असती ती गेली, कामगाराला घर मिळालं असतं ते गेलं. हे एका दुरुस्तीनं झालं.

घरांसाठी दीड लाखांहून जास्त गिरणी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज आले. आजवर मिळालेली घरं त्यांच्या पाचव्या हिश्श्याइतकीही नाहीत. आता पर्याय सांगतात तो शेलू आणि वांगणीचा, कर्जतच्या लाइनीवर. ज्यानं लालबाग-परळला आयुष्य घातलं, त्याच्या मुलानं रोज दोन-दोन तास लोकलमध्ये लटकत त्याच परळला यायचं आणि बापाच्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या दारावर पहारा द्यायचा. असे पहारेकरी मी पाहिले आहेत. त्यांच्याशी बोललो आहे. ते तक्रार करत नाहीत. कुठलं साचेखातं कुठं होतं, ते बोट करून दाखवतात.

आधी कुणाचं?

या सगळ्यांना आपण नावं फार सुंदर दिली आहेत. भाग्यरेषा. बळीराजा. आशा. स्वच्छतादूत. गिरणगाव म्हटलं की आपला कंठ दाटून येतो. पण नाव मोठं केलं की वाटा द्यावा लागत नाही, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. बळीराजा म्हटलेल्या माणसाच्या हातात दोन रुपयांचा चेक ठेवताना कुणाचा हात थरथरला नाही. कौतुक करून आपण आपल्या मनावरचं ओझं उतरवतो. समोरच्याच्या डोक्यावरची मोळी तशीच राहते.

आणि हे बदलत नाही असं जो म्हणतो, त्यानं याच राज्याचा इतिहास वाचावा. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला बाहेर पडली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना तेव्हा गावोगाव पोचली. १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क म्हणून लिहिला गेला. त्यासाठी पैसा कुठून आला? बराचसा शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापून. शहरानं खेड्यासाठी दिलेला तो कर होता. विधिमंडळात सगळ्या पक्षांनी मिळून ते केलं, आणि २००५ साली देशाचा कायदा त्याच धर्तीवर झाला. म्हणजे देणाऱ्याचं पान आधी मांडायचं हे या राज्याला जमतं. एकदा जमलं आहे.

मग पुन्हा लिहा. धरणाचं पाणी वाटताना पहिलं आरक्षण धरणाकाठच्या गावांचं आणि ते वर चढवायचा खर्च त्या पाण्यावर जगणाऱ्या शहराचा. धरणग्रस्ताच्या शेवटच्या कुटुंबाची नोंद पुरी होईपर्यंत तो प्रकल्प पुरा झाला असं कागदावर म्हणायचं नाही. ऊसतोड बाईचं नाव कारखान्याच्या रजिस्टरात, तिची मजुरी तिच्या खात्यात. शेतकऱ्याच्या पट्टीवर खर्च वजा जाता किमान किती उरलं पाहिजे याची एक रेघ. आशाला पगार. गटारात उतरवणाऱ्यावर गुन्हा, पहिल्याच वेळी. गिरणी कामगाराला गिरणीच्या गावात घर. यातली एकही मागणी नवी नाही. प्रत्येकीसाठी कुणीतरी आधीच उपोषणाला बसलेलं आहे.

आमच्या गावच्या सप्ताहात एक म्हातारा आचारी यायचा. काल्याच्या दिवशी दीड-दोन हजार माणूस जेवायचं. पहिलं भगुलं चुलीवरून उतरलं की तो आधी नैवेद्याचं पान काढायचा. त्यानंतर एका मोठ्या डब्यात भात, आमटी, लापशी भरायचा, वर ताट झाकायचा आणि ताटावर दगड ठेवायचा. तो डबा वाढणाऱ्या पोरांचा. एकदा पुढाऱ्यांची गाडी अवेळी आली आणि लापशी संपली होती. कुणीतरी त्या डब्याकडे हात केला. म्हाताऱ्यानं जागचं न उठता नुसती मान हलवली. पाहुण्यांना दुसरी लापशी शिजेपर्यंत थांबावं लागलं, आणि ते थांबले. काही बिघडलं नाही.

त्या डब्यातली लापशी मी खाल्ली आहे. तेव्हा मी वाढणाऱ्यांत होतो. सगळ्या पंगती उठल्यावर दुपारी चारला आम्ही बसलो, तेव्हा दगड बाजूला झाला, झाकण निघालं, आणि ती अजून गरम होती.